वाढ, बरकत आणि मापातील प्रामाणिकपणा

पवित्र कुरआनच्या त्र्याऐंशीव्या सूरहचे नाव ‘अल-मुतफ्फिफीन’ असे आहे. मुतफ्फिफीन म्हणजे मापात मारणारे. स्वतः घेताना माप काठोकाठ भरून घेणाऱ्या आणि दुसऱ्याला देताना हात आखडणाऱ्या लोकांच्या विनाशाची वार्ता देऊनच या सूरहची सुरुवात होते. मदरशात ही सूरह पाठ करताना माझ्या डोळ्यांपुढे बाजारातील तागडी येत असे. तागडीच्या पारड्याखाली चिंच चिकटवणारा एखादा दुकानदार, एवढाच या आयतींचा रोख असावा, असे त्या वयात वाटे. पुढे ध्यानात आले की, माप केवळ दुकानात नसते. शासन माप घेते, वर्तमानपत्र माप छापते, जमातीचे लोक एकमेकांना मापतात आणि मिंबरवर उभा राहणारा इमामही कळत-नकळत कोणाला तरी मापून दाखवतो. या प्रत्येक मापाचा जाब द्यावयाचा आहे.

हा विचार मनात घोळू लागण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. डहाणूच्या किनारपट्टीवरील एका मशिदीत जुम्याच्या नमाजनंतर काही मंडळी वुजूखान्याजवळ थांबली होती. महामार्गाच्या कामावर डंपर लावलेला एक तरुण वर्तमानपत्रातील देशाच्या वाढीचा दर मोठ्या उत्साहाने वाचून दाखवत होता. शेजारी एक वयोवृद्ध चाचा उभे होते. सुकी मासळी घेऊन ती घाऊक बाजारात पोहोचवण्यात त्यांची हयात गेली. ते शांतपणे म्हणाले, “मौलानासाहेब, वाढ झाली असेल, मी नाही म्हणत नाही. पण बोंबील घटला, मासळी लांब गेली आणि माझ्या घरातली तिन्ही मुले नोकरीसाठी बाहेर गेली. मग हे वाढले म्हणतात ते नेमके काय? आणि वाढ म्हणजेच बरकत का?”

त्या दिवशी मी त्यांना सब्र आणि शुक्र यांविषयी चार वाक्ये सांगून निरोप दिला. ते उत्तर नव्हते, हे मला माहीत होते आणि बहुधा त्यांनाही. आज जरा सविस्तर उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

आकडा काय मोजतो?

प्रथम न्यायाने हे पाहिले पाहिजे की, ज्या आकड्याविषयी आपण बोलतो तो आहे तरी काय. सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजेच जीडीपी, ही एका वर्षात देशाच्या हद्दीत निर्माण झालेल्या अंतिम वस्तू आणि सेवांच्या मूल्याची बेरीज होय. लोकांनी केलेला उपभोग, झालेली गुंतवणूक, शासनाने वस्तू-सेवांवर केलेला खर्च आणि निर्यातीतून आयात वजा करून उरलेली रक्कम, अशा चार भागांतून ती मांडता येते. किमती वाढल्यामुळे फुगलेला भाग वगळला की जी वाढ उरते, तिला वास्तव वाढ म्हणतात.

हे माप मुळात गरिबांच्या बाजूने उभे राहण्यासाठीही वापरले गेले, याचा आपल्याला विसर पडतो. तलासरीच्या सीमेपलीकडे काही मैलांवर संजाण आहे. पारशी परंपरेनुसार त्यांचे पूर्वज इराणहून आले ते याच ठिकाणी उतरले. त्याच समाजातील दादाभाई नौरोजी यांनी एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न काढण्याचा पहिला गंभीर प्रयत्न केला. ते वर्षाला अवघे २० रुपयांच्या आसपास भरले. दादाभाई तेथेच थांबले नाहीत. तुरुंगातील कैद्याच्या पोटापाण्यावर सरकार जो खर्च करते, त्याच्याशी त्यांनी या आकड्याची तुलना केली आणि दाखवून दिले की, या राज्यात सामान्य रयतेच्या वाट्याला कैद्याच्या निर्वाहाइतकेही येत नाही. आकडा होता तोच, परंतु त्याच्या शेजारी माणूस उभा केल्याबरोबर तो साक्षीदार झाला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबीस होते आणि सदस्यांमध्ये व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यासोबत पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते.

अमेरिकेत सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये तेथील सिनेटपुढे राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब ठेवला, तेव्हा त्यांनी स्वतःच बजावले होते की, या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचे अनुमान काढणे फारसे शक्य नाही. ज्याने माप घडवले त्यानेच मापाची मर्यादा सांगितली. पुढच्या लोकांनी माप घेतले आणि मर्यादा सोडून दिली.

ती मर्यादा आपल्या परिसरात फार दूर न जाता दिसते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्क्यांवर धक्के बसू लागले. धुंदलवाडी परिसरातील घरांच्या भिंतींना तडे गेले आणि ऐन थंडीत लोक लेकरांना घेऊन उघड्यावर झोपले. आता राष्ट्राच्या हिशेबात हे कसे उमटते? पडलेले घर उत्पादनातून वजा होत नाही. ते पुन्हा बांधण्यासाठी घेतलेले सिमेंट, पत्रे आणि गवंड्याची मजुरी मात्र अधिक होते. महामार्गावर अपघात झाला की क्रेनचे भाडे, गॅरेजचे बिल आणि रुग्णालयाची फी या तिन्ही रकमा बेरजेत जातात. गेलेल्या जिवासाठी त्या वहीत रकानाच नाही. याउलट, आजारी सासूची रात्रंदिवस शुश्रूषा करणारी सून, घरचा स्वयंपाक रांधणारी आई आणि विनामोबदला मुलांना नाझिरा शिकवणारी बाजी यांच्या सेवेची नोंद या बेरजेत होत नाही.

दुसरी मर्यादा सरासरीची. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यात आठ तालुके आहेत. मुंबईला चिकटलेली वसई त्यात आहे, तारापूर-बोईसरचे कारखाने त्यात आहेत आणि तलासरी, जव्हार, मोखाडाही त्यातच आहेत. जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न म्हणून जो एक आकडा छापला जातो, त्यात बोईसरच्या कारखान्याचा नफा आणि दिवाळीनंतर कुडाला कुलूप लावून वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाची मजुरी एकत्र ढवळलेली असते. तलासरीचा तरुण रोज सकाळी सीमा ओलांडून उंबरगाव किंवा वापीच्या कारखान्यात राबतो, त्याचे उत्पादन तर गुजरातच्या खात्यावर जमा होते. एका पायाला निखारा आणि दुसऱ्या पायाला बर्फ लावला, तर सरासरीने माणूस सुखात आहे असेच निघेल.

कुरआनने दाखवलेली हिशेबाची रीत

म्हणून हा आकडा खोटा आहे, असे मी म्हणत नाही. तो अपुरा आहे आणि अपुऱ्याला पूर्ण म्हणून देणे हीच मापातील लबाडी आहे. मग पुरा हिशेब कसा असतो?

सूरह अल-बकराच्या २१९व्या आयतीत दारू आणि जुगार यांविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. तेथील विवेचनाची रीत मला नेहमीच थक्क करते. या दोहोंत लोकांसाठी काही लाभ आहेत, हे अल्लाहने नाकारले नाही. लाभ मान्य केला, त्याच्यासमोर गुन्ह्याचे पारडे ठेवले आणि दुसरे पारडे जड असल्याचा निवाडा दिला. हा न्याय आहे. ज्याला विरोध करावयाचा त्याचाही लाभ लपवावयाचा नाही आणि ज्याची भलावण करावयाची त्याचीही हानी झाकावयाची नाही. आता आपल्या अर्थव्यवस्थेकडे पाहा. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे आणि तिच्यावरील उत्पादन शुल्क हे राज्याच्या तिजोरीचे एक भरभक्कम साधन आहे. दारू विकली की उत्पादन वाढले, कर वाढला. त्या दारूने तलासरीच्या पाड्यावर जे घर उद्ध्वस्त झाले, त्या घराचा आक्रोश त्या बेरजेतून उणे होत नाही. येथे फक्त एकच पारडे आहे, आणि एका पारड्याच्या तागडीला कोणी तागडी म्हणत नाही.

दुसरे सूत्र सूरह अल-हश्रच्या ७व्या आयतीत आहे. शासनाच्या हाती आलेली संपत्ती कोणाकोणावर खर्चावी हे सांगून तेथेच कारण दिले आहे की, संपत्ती केवळ धनवंतांमध्येच फिरत राहू नये. संपत्ती किती आहे, याइतकाच ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न येथे मोलाचा ठरतो. आपल्या शेजारच्या देशाने याचा अनुभव घेतला. महबूब-उल-हक हे पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ. साठच्या दशकात तेथील वाढीचा दर वाखाणला जात होता आणि ती वाढ आखणाऱ्यांपैकी ते स्वतः एक होते. १९६८ मध्ये त्यांनीच जाहीरपणे सांगितले की, देशातील उद्योग आणि बँकांची बहुतांश मालकी अवघ्या २२ घराण्यांच्या हाती एकवटली आहे. स्वतःच्या यशाचे माप पुन्हा तपासण्याचे हे धैर्य होते. पुढे त्यांच्याच पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा पहिला मानव विकास अहवाल १९९० मध्ये निघाला. उत्पन्नासोबत माणसाचे आयुर्मान आणि शिक्षण मोजणाऱ्या त्या निर्देशांकात अमर्त्य सेन यांचा मोठा वाटा होता.

शासनाचा रुपया कोठे जातो?

शासन कर घेते, कर्ज काढते आणि खर्च करते. या तिन्हींच्या धोरणाला राजकोषीय धोरण म्हणतात. या धोरणाने वाढ होते का, या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांमध्ये शंभर वर्षांपासून वाद आहे. परंतु इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’त जे लिहिले ते आजही वाचण्यासारखे आहे. राज्याच्या उमेदीच्या काळात कराचे दर हलके असतात आणि वसुली मोठी होते. ऐषआराम वाढला की दर चढत जातात, लोकांचा कामातील उत्साह मावळतो आणि वसुली घटते, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्धच आहे. त्याच ग्रंथातील दुसरे निरीक्षण मात्र कमी सांगितले जाते. शासन हीच सर्वांत मोठी बाजारपेठ असते, म्हणून त्याने पैसा अडवून धरला की साऱ्या बाजाराला मंदी येते, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. विसाव्या शतकात रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये आणि केन्स यांनी १९३६ मध्ये गुणकाचा जो सिद्धान्त मांडला, त्याच्या जवळचे हे बोल आहेत.

गुणक म्हणजे काय, हे तलासरीच्या आठवडी बाजारात उभे राहून समजावता येईल. बांधबंदिस्तीच्या कामाची १०० रुपये मजुरी एका वारली बाईच्या हाती पडली. त्यांतील ८० रुपये तिने तांदूळ, तेल आणि सुक्या मासळीवर त्याच बाजारात खर्च केले. मासळीवालीने आणि किराणावाल्याने त्यांतील ६० रुपये पुन्हा आसपासच खर्चले. अशा रीतीने शासनाचा एक रुपया हातोहात फिरून एकाहून अधिक रुपयांचा व्यवहार घडवतो. याउलट, तेच १०० रुपये बाहेरून आणलेल्या यंत्राच्या भाड्यापोटी गेले, तर खर्चाची नोंद तलासरीच्या नावावर आणि पैसा दूरच्या शहरात, असे होते. खर्च तितकाच, फळ वेगळे. महाराष्ट्राने रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राबवली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याला तिचा कित्ता उपयोगी पडला, त्यामागे हेच शहाणपण होते. आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के रक्कम पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याची अबंध निधी योजनाही त्याच वाटेवरील आहे, कारण गरज कोठे आहे हे ग्रामसभेला मंत्रालयापेक्षा अधिक ठाऊक असते.

मोजमापातील एक गोम येथेही आहे. शाळा, दवाखाना अशा शासकीय सेवा बाजारात विकल्या जात नाहीत, म्हणून त्यांचे मूल्य त्यांवर झालेल्या खर्चावरून धरतात. शिक्षक मन लावून शिकवो अथवा सही करून निघून जावो, वेतन तेच असल्यामुळे राष्ट्रीय उत्पन्नात भर तेवढीच पडते. खर्च झाला म्हणजे सेवा झाली असे वही मानते. अल्लाहच्या वहीत मात्र त्या वर्गातील मुलाला वाचता आले की नाही, याचीही नोंद असणार.

मग धोरणाची कसोटी कोणती? सहीह बुखारीत हजरत उमर (रजि.) यांच्या अखेरच्या दिवसांची एक रिवायत आहे. इराकच्या सुपीक जमिनीची मोजणी करून तिच्यावर खराज बसवण्याचे काम त्यांनी हजरत हुजैफा (रजि.) आणि हजरत उस्मान बिन हुनैफ (रजि.) यांच्याकडे सोपवले होते. ते परतल्यावर खलीफांनी किती वसूल झाले, हे विचारले नाही. जमिनीला पेलणार नाही असा बोजा तर तुम्ही तिच्यावर लादला नाही ना, अशी त्यांनी काळजीने चौकशी केली. बोजा पेलण्याजोगाच आहे, असे दोघांनी सांगितल्यावरही त्यांनी पुन्हा विचार करण्यास बजावले. नंतर आपली इच्छा बोलून दाखवली की, अल्लाहने आयुष्य दिले तर इराकच्या विधवांना अशा स्थितीत सोडून जाईन की माझ्यामागे त्यांना कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. त्यानंतर चारच दिवसांत त्यांच्यावर खंजिराचे वार झाले.

या रिवायतीत संपूर्ण राजकोषीय धोरण सामावले आहे. घेताना प्रश्न हा की, जमीन पेलेल का. देताना प्रश्न हा की, विधवा कोणावर अवलंबून राहिली का. या दोन प्रश्नांच्या मध्ये वाढीचा आकडा येतो. तो साधन म्हणून येतो, निवाडा म्हणून येत नाही.

वाढवणच्या समुद्राकडे पाहताना

आता तो प्रश्न, जो टाळून या परिसरात कोणालाच अर्थव्यवस्थेविषयी बोलता येणार नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ त्याचे अध्यक्षपद सांभाळले. वाढवणच्या बंदराचा पहिला प्रस्ताव त्यांच्या काळात, १९९८ मध्ये, नाकारला गेला. पुढे प्रस्ताव नव्या स्वरूपात आला. प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये अनुमती दिली, केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव अपेक्षित आहे. प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून सुमारे १२ लाख रोजगार निर्माण होतील, असे शासनाचे निवेदन आहे. मच्छीमार, बागायतदार आणि डायमेकिंगच्या धंद्यावर जगणाऱ्या अनेक कुटुंबांनी वर्षानुवर्षे याला विरोध केला आहे.

बंदर व्हावे की न व्हावे, याचा फतवा देणे हे माझे काम नाही. परंतु कोणता हिशेब न्याय्य, हे सांगणे इमामाचे काम आहे. बांधकामाचा प्रत्येक रुपया खर्च होताक्षणी वाढीत दिसेल. मासळीची जागा हरवली तर ती त्याच वहीत तितक्या सहज दिसणार नाही, कारण समुद्राची किंमत कोणी लिहून ठेवलेलीच नाही. फिक्हच्या विद्यार्थ्याला येथे दोन नियम आठवतात. एक असा की, लाभ मिळवण्यापेक्षा हानी टाळणे अग्रक्रमाचे. दुसरा असा की, सार्वजनिक हानी टाळण्यासाठी व्यक्तिगत हानी सोसली जाऊ शकते. शब्द नीट पाहा. दुसऱ्या नियमात सार्वजनिक हानी टळावी म्हणून, असे म्हटले आहे. सार्वजनिक नफा वाढावा म्हणून काहींना भरडावे, असे त्यात नाही. सार्वजनिक हितासाठी जमीन घ्यावी लागली, तरी पुरेपूर मोबदला दिल्याशिवाय ती हलाल होत नाही. मस्जिदे-हरामच्या विस्तारासाठीसुद्धा हजरत उमर (रजि.) यांनी लगतच्या घरांचे मोल चुकते केले. अल्लाहच्या घरासाठी जी सवलत नाही, ती अन्य कोणत्या बांधकामाला मिळेल? आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याचे शेत म्हणजे उघडा समुद्र आहे, त्याचे मोल करणे अवघड आहे एवढ्यावरून ते शून्य ठरत नाही.

दुसऱ्या बाजूचाही हक्क आहे. डंपरवाला तरुणही माझ्याच सफमध्ये उभा राहतो. त्याच्या हप्त्यांची चिंता खरी आहे. चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले म्हणून प्रत्येक घरात वाडी आली, असे नाही. दारिद्र्य म्हणजे धर्मनिष्ठा, असे इस्लामने कधीही शिकवले नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकाच दुआमध्ये कुफ्र आणि दारिद्र्य या दोहोंपासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे. रस्ता झाला म्हणून एखादी गरोदर स्त्री वेळेत कॉटेज रुग्णालयात पोहोचली, तर ती वाढ बरकतच आहे. ‘जकात’ या शब्दातच शुद्धी आणि वाढ हे दोन्ही अर्थ आहेत. वाढ हवी आहे, पण शुद्ध हवी आहे.

आपली स्वतःची तागडी

येथवर लिहून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. शासनाचे माप तपासणे सोपेच असते. परंतु वर म्हटल्याप्रमाणे इमामही लोकांना मापत असतो, आणि माझी एक चूक येथे मांडल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही.

आमच्या ओळखीचे एक बागायतदार आहेत. स्वभावाने दिलदार. मशिदीच्या दुरुस्तीसाठी त्यांनी मोठी रक्कम दिली, तेव्हा मी मिंबरवरून त्यांचा उल्लेख केला आणि अल्लाहने त्यांच्या व्यवसायात किती बरकत दिली आहे, असे शब्द वापरले. त्यानंतरच्या रमजानमध्ये ते जकातीचा हिशेब करून घेण्यासाठी आले. रीत सर्वांना ठाऊक आहे. रोख, सोने-चांदी, व्यापारी माल आणि येणे यांची बेरीज करावयाची, हनफी मतानुसार त्यातून देणे वजा करावयाचे आणि उरलेली रक्कम निसाबइतकी असून तिच्यावर वर्ष उलटले असेल तर अडीच टक्के काढावयाचे. मी विचारले, “देणे काय आहे?” त्यांनी सहज सांगितले, “विशेष काही नाही. मजुरांचे तीन महिन्यांचे राहिले आहेत. ते कुठे जातात? हंगाम संपला की देऊ.”

हे मजूर म्हणजे तलासरीकडून आलेली वारली कुटुंबे होती. मी कागद बाजूला ठेवला. प्रथम मला त्यांच्यावर राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. ज्या रकमेने मशिदीचे छत दुरुस्त झाले, ज्या रकमेला मी बरकत म्हटले, तिच्यात त्या कुटुंबांचा थांबलेला घाम होता की नव्हता, हे मी कधी विचारलेच नव्हते. मी डोळ्यांना दिसणारे एक पारडे पाहिले होते. ज्या दोषासाठी आपण शासनाच्या आकड्याला नावे ठेवतो, तोच दोष माझ्या दुआमध्ये होता.

मी त्यांना म्हणालो, “भाई, जकातीची तारीख नंतर पाहू. आधी हे चुकते करा. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषितांची (स.) ताकीद आहे. आणि मजुराकडून पुरे काम घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी होईल, असे हदीसमध्ये आहे.” ते नाराज झाले. “मौलाना, पावसाळ्यात मीच त्यांना उचल देतो, ते कोण मोजणार?” असे त्यांनी विचारले. प्रश्न अगदीच निराधार नव्हता. मी म्हणालो, “तेही मोजू, दोन्ही लिहू. पण उचल हा उपकार नाही, तेही त्यांच्या डोक्यावरचे कर्ज आहे, आणि त्याच कर्जापोटी ती माणसे पुढच्या वर्षी कमी दरात तुमच्याकडे येतात.” दोन जुमे ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. ईदच्या आधी मजुरी चुकती झाली, असे त्यांनी स्वतः येऊन सांगितले. मी त्यांचे आभार मानले आणि यापुढे मिंबरवरून कोणाच्या संपत्तीचे कौतुक करावयाचे नाही, असे ठरवले.

हा प्रसंग एका घराचा नाही. आपल्यापैकी कोणाच्या वाड्या आहेत, कोणाच्या वीटभट्ट्या, कोणाची वखार, कोणाचे ट्रक. कमी दिलेली मजुरी नफ्यात दिसते, नफा उत्पन्नात दिसतो आणि उत्पन्न वाढीत दिसते. जिल्ह्याचा आकडा असाच आपल्या घराघरांतून वर जातो. गोदावरी परुळेकर यांनी १९४५ च्या सुमारास याच तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर वेठबिगारीविरुद्ध वारल्यांना उभे केले, तेव्हाही येथे वाढ होतीच. गवत आणि इमारती लाकूड मुंबईकडे जात होते, सावकार आणि जमीनदार यांची भरभराट होत होती. त्यांच्या वह्या भरलेल्या होत्या. ज्यांच्या कष्टाने भरल्या, ती माणसे त्या वह्यांत केवळ देणेकरी म्हणून होती.

मला वाटते, चाचांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. वाढ आणि बरकत एक नव्हेत. वाढ ही किती उत्पन्न झाले याची बेरीज आहे. बरकत ही त्यातून कोणाचे काय सावरले, याची साक्ष आहे. वाढीशिवाय बरकत कठीण असते, कारण रिकाम्या कोठारातून वाटणार काय? परंतु बरकतीशिवाय वाढ शक्य असते, आणि तीच खरी भीती आहे. म्हणून शासनाला विचारताना आपण हजरत उमर (रजि.) यांचे दोन प्रश्न विचारावेत: जमिनीला आणि समुद्राला पेलेल का, आणि विधवेचा हात कोणापुढे पसरलेला तर नाही ना? तेच दोन प्रश्न स्वतःच्या वहीलाही विचारावेत. माझ्या धंद्याचा भार कोणावर आहे, आणि माझे देणे कोणाचे राहिले आहे? या रमजानमध्ये जकातीचा कागद घेऊन बसाल, तेव्हा ‘देणे’ हा रकाना सर्वप्रथम भरा आणि त्यात मजुरांची नावे लिहा.

सूरह अज-जिलजालने सांगितले आहे की, कणाएवढे सत्कर्म आणि कणाएवढे दुष्कर्मही माणसाला त्या दिवशी दिसेल. विशेष म्हणजे त्या सूरहचे नाव भूकंपावरून आले आहे, आणि त्या दिवशी धरती स्वतः आपल्यावर घडलेले सारे सांगेल, असे तिच्यात म्हटले आहे. डहाणू-तलासरीच्या धरतीकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. तिची साक्ष होईल तेव्हा आपली वही तिच्याशी जुळावी, एवढीच तळमळ आहे.

अल्लाह आपणा सर्वांना पुरे माप देण्याची तौफीक देवो, आपल्या कमाईला जुलुमापासून दूर ठेवो आणि आपल्या राज्यकर्त्यांना दुर्बलांच्या हक्काचा सांभाळ करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.